चाक एकदा खोललं की संपलं

मोटरसायकलच्या मागच्या चाकातली हवा हळूहळू उतरत होती. दुखणं एवढंच. लांबच्या प्रवासाला निघायचंय, रस्त्यात डोक्याला ताप नको, म्हणून आधीच दाखवून घ्यावं म्हटलं. आता अशी अवस्था आहे की ती उतरणारी हवा परवडली.

मुळात कोणी नीट बघतच नाही. गाडी स्टँडवर चढवायची, चाक एकदा गरागरा फिरवायचं, "खिळा नाहीये, हवा मारून दिलीय, या जाऊन." अरे बाबा, हवा मारलेली टिकत नाही म्हणूनच आलोय ना? व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावायला किती वेळ लागतो? बुडबुडा आला तर आतली पिन सैल नाहीतर खराब, विषय संपला. तिथे नसेल तर व्हॉल्व्ह जरा वाकवून बुडाशी बघायचं. मी वाकवला, तर रबराला ही चीर! दाखवली. उत्तर काय? "ती सगळ्यांनाच असते." जणू काही व्हॉल्व्हला चीर असणं म्हणजे माणसाला नाक असणं.

ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बदलायचा तर टायर रिमवरून सोडवावाच लागतो. आणि टायर तसाही झिजत आलेला, मग त्याच खर्चात नवा टाकून घेऊ असं ठरलं. इथून खरा तमाशा सुरू.

विक्रेत्याने कागदात गुंडाळलेला, रबरी केस अजून उभे असलेला टायर पुढे केला. "एकदम फ्रेश माल." साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, अंडाकृती चौकटीत टायर कधी बनला ते सांगणारे चार अंक असतात, ते वाचले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५२१ असेल तर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. वाचून दाखवल्यावर साहेब म्हणतात, "तो बॅच नंबर आहे." तोंड वर करून! जो माणूस दिवसभर टायरच विकतो त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. माहीत आहे, पण गिऱ्हाइकाला माहीत नसतं हेही त्याला माहीत आहे.

मग दुसरा काढला. तारीख ठीक, पण भाराचा आकडा खाली. जुन्यावर ६२ पी होतं, म्हणजे २६५ किलोपर्यंत भार आणि ताशी १५० किलोमीटरपर्यंत वेग. हा ५७, म्हणजे २३० किलो. मागे माणूस बसणार, दोन्ही बाजूंना बॅगा लटकणार, आणि मी ३५ किलोंची क्षमता कमी करून निघू? "साइज सेमच आहे हो, बसतो." बसतो! बसायला काय, काहीही बसतं. तिसरा टायर एकदाचा मनासारखा मिळाला, तो चाकात घालायला मेकॅनिककडे दिला, आणि तिथे आगीतून फुफाट्यात.

टायरवर भला मोठा बाण असतो. फिरायची दिशा दाखवणारा. पावसात चाकाखालचं पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा त्या दिशेचा हिशेब धरून कापलेल्या असतात. बाण इतका मोठा असतो की चष्मा विसरलेल्या माणसालाही दिसावा. यांना दिसला नाही. मी ओरडलो तेव्हा टायर अर्धा रिममध्ये गेलेला होता. वर ऐकवतात, "मागच्याला चालतं." मग पुन्हा टायर उपसायची लोखंडी लिव्हर, पुन्हा ओढाओढ, आणि रिमच्या काठावर तीन ताजे ओरखडे. लिव्हरखाली प्लास्टिकची पट्टी घालायची पद्धत आहे म्हणे. जगात कुठेतरी असेल.

ओढाओढीत अजून एक सापडलं. रिमचा काठ एका जागी किंचित दबलेला, कुठल्यातरी खड्ड्याचा प्रसाद. ते दिसताच यांनी हातोडा उचलला. अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर! थंड अलॉयवर हातोडा घातला की बाहेरून सरळ झाल्यासारखं दिसतं आणि आत केसाएवढी भेग पडू शकते. आऱ्यांचं चाक असतं तर आऱ्या आवळून-सोडून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढता येतो, ती वेगळी कला आहे आणि ती येणारे म्हातारे कारागीर आता शोधावे लागतात. पण अलॉयला हातोडा? मी अक्षरशः हात धरला. आता मी भांडखोर ठरलोय.

मग हवा मारली. टायर रिममध्ये बसताना दोन्ही बाजूंनी फट् फट् आवाज येतो आणि काठालगतची बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसते. एका जागी ती रेघ आत गडप होती. म्हणजे तिथे टायर बसलेलाच नाही, चाक प्रत्येक फेरीला उडी मारणार. साबणाचं पाणी लावून हवा सोडून परत भरायची, पाच मिनिटांचं काम. "चालवलं की बसेल आपोआप." बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्याचं, विचारलं तर असं बघितलं जणू मी विमान दुरुस्त करायला आणलंय. हवेऐवजी नायट्रोजन भरू का, हे मात्र आवर्जून विचारलं! अरे, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो फुकट मिळतो. आधी दाब मोजायचं गेज तरी खरं ठेवा. यांचं एक सांगतं, माझं दुसरं, आणि गरम टायरचा वाढलेला दाब मोजून वर हवा काढून टाकणारे महाभाग वेगळेच.

(मित्रमंडळींचं तर बोलायलाच नको. "लांब जातोयस ना, हवा कमी ठेव, ग्रिप मिळते." सामान लादून, भर वेगात, कमी हवेवर! साइडवॉल दुमडून दुमडून तापेल त्याचं काय? कंपनीच्या पुस्तकात मागे माणूस असताना मागच्या चाकात हवा जास्त भरायला सांगितलेली असते. पुस्तक कोण वाचतो? उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार.)

चाक परत बसवलं, पैसे मागितले, आणि मी खाली बघतो तर जमिनीवर एक बुश, म्हणजे छोटी नळी. चाक आणि त्याला धरणारा मागचा दांडा, स्विंगआर्म, यांच्या मधला. कापडाशेजारी निवांत पडलेला. मी उचलून समोर धरला तर क्षणभर त्यालाही कळेना हा कुठला. मग उमगलं, आणि राग आला. मला नाही, त्याला! मी बघितलं म्हणून!

त्या रागात चाक दुसऱ्यांदा खोललं आणि बसवलं. ग्रीसने माखलेल्या बोटांनी ब्रेकची डिस्क धरून, अर्थात. चेन तारेसारखी ताणली. चेनला ढील ठेवायची असते, कारण वजन पडलं की स्विंगआर्म वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. दोन्ही बाजूंच्या खुणा तरी सारख्या? डावीकडे तिसरी रेघ, उजवीकडे जवळजवळ चौथी. म्हणजे चाक तिरकं. आणि मग एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा नट. त्याचा ठरलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, असतो, पुस्तकात छापलेला असतो. याने पान्ह्याला लांब पाइप लावला आणि पाइपवर उभा राहून दोन हिसके दिले.

घरी येऊन म्हटलं, चेन तरी आपणच सरळ करू. सीटखालचा पान्हा नटाला लावला. नट जागचा हलला नाही, पान्हा वाकला. म्हणजे तिरकं चाक, न बसलेला टायर, ताणलेली चेन, यातलं काहीही दुरुस्त करायचं तर आधी तो नट सुटायला हवा. आणि तो सोडवणारा पाइप आख्ख्या परिसरात एकाच माणसाकडे आहे.