अकरावीतच डिग्रीचं एक वर्ष वाचतं म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या जुन्या ग्रुपवर आणि शेवटी सख्ख्या बहिणीकडून, असा एकच मेसेज मला आठवड्यात तीनदा आला. मेसेज असा, की अमेरिकेतली मुलं हायस्कूलमध्येच कॉलेजचे विषय पास होतात, आता आपल्याकडेही परवानगी मिळालीये, अकरावी-बारावीत स्वयमवर (सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) कोर्स करा, क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारी एककं) बँकेत साठवा, डिग्रीचं एक वर्ष वाचवा, आणि आयआयटीची डिग्री तर बारावीतच सुरू होते. खाली हात जोडलेले. भाचा नुकताच अकरावीला लागलाय त्यामुळे बहीण एकदम पेटलीये, म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेचं आधी. ते खोटं नाहीये. ड्युअल एनरोलमेंट म्हणतात त्याला, मिनेसोटा राज्याने तर १९८५ सालीच तसा कायदा केला. तिथे डिग्री क्रेडिट मोजून मिळते, साधारण १२० झाले की झालं, त्यामुळे शाळेत असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मिळवलेले क्रेडिट पुढे वजा होऊ शकतात. तेही सगळीकडे नाही, त्याच राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुधा चालतात, बड्या खासगी युनिव्हर्सिट्या बऱ्याचदा नाही म्हणतात. आपल्याकडची गंमत वेगळीच. फर्ग्युसनच्या नाहीतर एसपीच्या गेटातून आत जाणारं अकरावीचं पोरगं "कॉलेजला चाललो" म्हणतं, पण शिकतं एचएससी बोर्डाचा अभ्यासक्रम. कट्टा कॉलेजचा, कँटीन कॉलेजचं, मार्कलिस्ट बोर्डाची!

"परवानगी मिळालीये" हे कुठून आलं असेल? माझा अंदाज, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन डिग्र्या करायला मुभा दिली त्यावरून. ती बारावीनंतरच्यांसाठी आहे. अकरावीवाल्यांचा तिथे संबंधच नाही.

आता क्रेडिट बँक, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारं सरकारी ऑनलाइन खातं. ती खरंच आहे, २०२१ पासून, आणि क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. पण नावात बँक आहे म्हणून एटीएमसारखे कुठूनही काढता येत नाहीत ना. तुम्ही ज्या कॉलेजात डिग्रीला असता त्याने ते मान्य करायचे असतात. स्वयमच्या कोर्सचे क्रेडिट एका सेमिस्टरला ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात हा नियम आहे, पण तो आधी डिग्रीला ॲडमिशन घेतलेल्यांचा.

माझ्या पुतणीने अकरावीत स्वयमवरचा एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा १२ आठवड्यांचा कोर्स केला होता. शिकायला फुकट, परीक्षेचे हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, त्याचे २५, सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. पोरीने दिवाळीच्या सुट्टीत सगळे फराळाला बसलेले असताना लॅपटॉप मांडीवर घेऊन असाइनमेंट पूर्ण केल्या, चांगले मार्क पडले, सर्टिफिकेट आलं. पुढे इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला कागदपत्रं तपासायला गेलो तेव्हा दादाने कौतुकाने ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं. खिडकीतल्या माणसाने सीईटीचं स्कोअरकार्ड घेतलं, डोमिसाइल घेतलं, आणि ते सर्टिफिकेट अलगद बाजूला काढून म्हणाला, "हे राहू द्या तुमच्याकडे." वैतागून नाही, अगदी सहज. मेरिट लिस्टमध्ये त्याला शून्य किंमत. तिला मात्र फर्स्ट इयरला प्रोग्रॅमिंग सोपं गेलं, हेही सांगायला पाहिजे.

"एक वर्ष वाचतं" याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे डिप्लोमा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षं, मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. लोकांना वाटतं वर्ष वाचलं. मोजा की! तीन आणि तीन सहा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, तेही सहाच. इतका जुना, सरकारमान्य रस्ता असूनही जिथे वर्ष वाचत नाही तिथे ऑनलाइन कोर्सने कसं वाचेल?

आयआयटीचं म्हणाल तर ते मद्रासच्या ऑनलाइन बीएसबद्दल असणार, डेटा सायन्सची डिग्री, २०२० पासून चालू आहे. त्यात अकरावी झालेल्या मुलांना अर्ज करून क्वालिफायर देता येते, चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग परीक्षा. पास झालात तरी डिग्री चालू होते बारावी सुटल्यावरच. म्हणजे जागा धरून ठेवल्यासारखं, चितळ्यांकडे टोकन घेऊन उभं राहावं तसं. वाईट काहीच नाही, पण याला "बारावीतच सुरू" म्हणत नाहीत.

बहिणीला सांगितलंय, पोराला आवड असेल तर खुशाल करू दे, आयुकात, पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी लेक्चर असतात तिथे जाऊन मुलं काय कॉलेजचं वर्ष वाचवायला बसतात का? ती म्हणाली बघू. भाच्याने तेवढ्यात मागून विचारलं, कोर्स केला तर क्लासला शनिवारी दांडी चालेल का.