"स्वतः कुठे मोठं खेळलाय?"

आज सकाळी मुलाच्या फुटबॉल मॅचला गेले होते. 13 वर्षांखालची पोरं, घोट्यापर्यंत चिखल, सगळीकडे आरडाओरडा. हाफटाइमनंतर सरांनी एका मुलाला बाहेर घेतलं, आणि त्याचे वडील सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा स्वतः कुठे मोठं खेळलाय? कॉलेजपर्यंत खेळला आणि निघाला कोच व्हायला!"

सरांनी ऐकलं. मान वळवली नाही. मला मात्र ते वाक्य सकाळपासून टोचतंय.

कॉलेजपर्यंत! पहाटे साडेपाचला मैदान, मग लेक्चर, संध्याकाळी परत मैदान, ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून ते रात्रभर वाळवायचे, हजेरी भरून निघावी म्हणून प्राध्यापकांच्या मागे मागे फिरायचं. एवढं करून शेवटच्या वर्षी कळतं की याच्या पुढे आपल्यासाठी काही नाही. ज्यानं हे सोसलंय त्याला तुम्ही "पर्यंत" म्हणून मोजता?

मी कॉलेजच्या मुलींच्या संघात लेफ्ट बॅक होते, म्हणजे बचावात डावी बाजू सांभाळायची. आमचे कोच विद्यापीठाकडून खेळलेले, त्याच्या वर नाही. फायनलच्या आदल्या संध्याकाळी सराव संपला आणि ते म्हणाले, "जरा बॉल जाळीत भरायला थांब." निम्मे बॉल भरून झाल्यावर म्हणाले, "उद्या तू सुरुवातीच्या अकरात नाहीस. का ते सांगतो." मग पायरीवर खडे मांडून दाखवलं: समोरच्या संघाची विंगर, म्हणजे कडेनं धावत चढाई करणारी, वेगवान आहे, मी पुढे गेले की परत यायला उशीर करते, मागे एवढी जागा उघडी राहते. मला रडू फुटलं. म्हटलं, "सर, मी एकही सराव चुकवला नाही." ते म्हणाले, "माहितीय. म्हणून तर यादी लागायच्या आधी तुला सांगतोय."

त्या रात्री मला त्यांचा भयंकर राग आला होता.

सय्यद अब्दुल रहीम आठवा. तेही उस्मानिया विद्यापीठाकडून खेळलेले, पेशानं शिक्षक. 1950 ते 1963 भारताचा संघ त्यांच्या हाती होता. 1951 ला दिल्लीत आशियाई सुवर्ण, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, 1962 ला जकार्तात परत सुवर्ण. त्या फायनलला जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके होते. बचाव सांभाळणारा खेळाडू, पण रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं आणि त्यानं गोल केला. दक्षिण कोरियाला 2-1 हरवलं. स्वतः रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं पोखरलेले होते, पुढच्या जूनमध्ये गेले. कुणाला कुठे उभं करायचं, जखमी माणसाकडून काय मागायचं, हे एका मास्तराला कळत होतं.

बरं, मोठ्या पातळीवर खेळलेल्याचं पोरं पटकन ऐकतात, मान्य. आणि कॉलेजातून आलेला प्रत्येक जण चांगला कोच होतो असंही नाही, नुसते ओरडणारे मीही पाहिलेत. पण म्हणून याला मैदानावर सगळ्यांसमोर असं बोलायचं?

याला कोचिंगची लायसन्सं खालून वर, एकेक पायरी करत मिळवावी लागतात. बहुतेक जण पदरचे पैसे घालून, नोकरीतून रजा काढून ते करतात. रविवारी तुम्ही झोपलेले असता तेव्हा हा माणूस शंकू मांडत असतो, कुणाचा दमा आहे, कुणाच्या घरी भांडणं चाललीत, कोण न खाता आलाय, ते डोक्यात ठेवून.

माझ्या सरांची गोष्ट मला फार उशिरा कळली, कॉलेज सुटल्यावर. तेही त्यांच्या मित्राकडून, ते स्वतः कधी बोलले नसते. त्यांच्या शेवटच्या वर्षी संघाची यादी नोटीस बोर्डावर लागली आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. तीन वेळा वरून खाली वाचली म्हणे. कुणी आधी सांगितलं नाही, कुणी नंतरही सांगितलं नाही. पुढच्या हंगामात एका स्थानिक संघात जागा मिळाली आणि तिथे गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. संपलं. मग शिट्टी हातात घेतली.

तेव्हा मला ते खडे परत आठवले. बॉल भरायला त्यांनी मला का थांबवलं होतं ते आठवलं. आमच्यातल्या वगळलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी असंच थांबवलं होतं, एकेकीला, वेगवेगळ्या दिवशी, आणि आम्हाला प्रत्येकीला वाटायचं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलं.

हे शिकायला कुठलं लायसन्स नाही. ज्याचं नाव कायम यादीत होतं त्याला हे सुचेलच असं नाही.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या वडिलांनाही पोराचंच दुःख झालं असेल. मीही आई आहे, मुलाला बाहेर घेतलं की पोटात गोळा येतो.

पण आज त्यांनी एक गोष्ट पाहिली नाही, फोनवर होते. मॅच संपल्यावर सर त्यांच्या मुलाशेजारी चिखलातच उकिडवे बसले आणि बुटाच्या टोकानं जमिनीवर रेघा मारून त्याला काहीतरी दाखवायला लागले. पोरगा आधी मान खाली घालून होता. मग त्यानंही बोटानं एक रेघ मारली. आम्ही निघालो तेव्हा दोघं मिळून शंकू गोळा करत होते, आणि वडील गेटबाहेरून गाडीचा हॉर्न वाजवत होते.