वेताळाचं पुनर्वसन

वेब सिरीज लिहायला घेतलीत, आगाऊ रक्कम खाऊन झाली, आणि आता काही सुचत नाहीये? मग वेताळाला खांद्यावर घ्या. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात बसून ‘कथासरित्सागरा’त त्याच्या गोष्टी घातल्या, मानधन मागायला कुणी येणार नाही.

आधी राजा बदला. सोमदेवाचा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा त्रिविक्रमसेन. छाती फुगली असेल तर आवरा. पैठण म्हटलं की लोकांना पैठणी आठवते, आणि भीती वाटलीच तर तिच्या किमतीची. राजाला हिंजवडीत नोकरीला लावा.

मग तो भिक्षू. हा गृहस्थ दहा वर्षं रोज दरबारात एक फळ आणून देतो. राजा ते न बघताच कोठारात धाडतो. एक दिवस माकड फळ फोडतं, आत रत्न! दहा वर्षं, रोज, न मागता. इतका सोशिक भामटा कुणाला परवडणार? शिवाय प्रेक्षकाला विचार करायला उसंत मिळाली तर ‘हा माणूस एवढं चांगलं का वागतोय?’ असं मनात येऊन त्याच्या अंगावर आपोआप काटा येईल. तसं होऊ द्यायचं नाही. काटा आपण आणायचा, दार आपटून.

खुद्द वेताळाला बालपण द्या. स्मशान, कृष्ण चतुर्दशीची रात्र, भिक्षूने राजाला आणायला पाठवलेलं, शिंशपेच्या झाडाला लटकलेलं प्रेत आणि त्यात शिरून खदखदा हसणारा कुणीतरी, एवढ्यावर आजकाल भागत नाही. तो का हसतो? लहानपणी त्याला कुणी हसू दिलं नव्हतं का? चौथ्या भागात समुपदेशक आणा.

कोकण-गोव्यात वेताळाला चामड्याच्या चपला वाहतात. रात्रभर गावाची राखण करत तो फिरतो, त्यात त्या झिजतात, अशी श्रद्धा. त्याचं बालपण तिथे कुणी विचारत नाही. चपला तेवढ्या वेळेवर देतात. (निर्जन देवळात टाच झिजलेली चप्पल! हे दृश्य फुकटात मिळतं, म्हणून निर्मात्याला सांगूच नका. त्याला व्हीएफएक्सचं बजेट संपवायचंय.)

खरी अडचण शेवटाची. वेताळाची अट ठाऊक आहेच: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. राजा दरवेळी बोलतो. शेवटी वेताळ विचारतो, एका माणसाने एका परक्या मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी. आता दोन्ही जोडप्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो मुकाट चालत राहतो. त्या मौनावर वेताळ खूश होतो आणि राजाचाच बळी द्यायचा भिक्षूचा बेत सांगून त्याचा जीव वाचवतो.

नायकाला उत्तर येत नाही? छे! इथे वंशवृक्षाचं ग्राफिक टाका, वर धीरगंभीर निवेदन. पोरांचं नातं लागलंच पाहिजे, मामा-भाचे तर मामा-भाचे.

निर्माता विचारेल, ‘गोष्ट नेमकी कशाबद्दल आहे?’ माहीत नसलं तरी गप्प राहू नका, बोलाच. वेताळ परत झाडावर जाईल आणि दुसऱ्या सीझनची सोय होईल.