मागे घेताना ट्रेलर अडतो, म्हणून ब्रेकच काढायचे?

उजनीला बोट नेणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मागे घेताना ट्रेलरचे ब्रेक लागतात, म्हणजे ब्रेक बाद झाले. कपलरमध्ये कायमची पिन घाला, नाहीतर ब्रेक ऑइलच काढून टाका. उसाच्या ट्रॉलीला तरी कुठं ब्रेक असतात?’ सोलापुरात ट्रॉल्या-ट्रेलर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. यातलं काहीही करू नका, ही कळकळीची विनंती.

आधी ‘ब्रेक बाद झाले’ हे बघू. बोटीच्या ट्रेलरला बहुधा रेट्यावर चालणारे ब्रेक असतात. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून रेटतो, कपलरचा (ट्रेलर गाडीच्या हुकाला जोडणाऱ्या पुढच्या तोंडाचा) सरकता भाग आत दबतो आणि मास्टर सिलिंडर चाकांकडे ऑइल ढकलतो. रिव्हर्समध्ये गाडी ट्रेलरला रेटते, तेव्हाही कपलर तसाच दबतो. सपाट डांबरावर फारसा जोर लागत नाही, म्हणून निभावतं. चढ आला किंवा काठच्या काळ्या मातीत चाकं रुतली, की जोर वाढतो आणि चाकं जाम होतात. ब्रेक बाद असते तर ती जाम झालीच नसती.

सरकता भाग दबू न देणाऱ्या पिनेची सोय काही कपलरांना मुळातच असते, पण ती रिव्हर्सपुरती. बोट पाण्यात उतरली, की पिन बाहेर. ती तशीच ठेवून टेंभुर्णीहून मोहोळकडे निघालात तर बोट-ट्रेलरचं सगळं वजन एकट्या गाडीच्या ब्रेकवर येतं. अचानक थांबायची वेळ आली तर ट्रेलर गाडीचं बूड ढकलून तिला आडवी करू शकतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पिनेला लाल फडकं बांधून देतो आणि ती गाडीच्या किल्लीजवळ ठेवायला सांगतो.

उसाच्या ट्रॉलीचं उदाहरण तर ऐकवतच नाही. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला आणि तुमची गाडी ६० ने, तर वेग तिप्पट, पण तेवढंच वजन थांबवायला ब्रेकला नऊपट काम पडतं. आणि ब्रेक नसलेल्या ट्रॉल्यांचे अपघात आपण हंगामात बघतोच ना? त्यांचा कित्ता कशाला गिरवायचा?

ऑइल काढलं तर नळ्यांत दमट हवा शिरून चाकाचे सिलिंडर आतून गंजतात. शिवाय ट्रेलर हुकातून सुटला तर त्याला जागेवर धरणारी आपत्कालीन साखळीसुद्धा बहुतेक ट्रेलरांत याच ऑइलवर चालते.

मग करायचं काय? काही ड्रम ब्रेक मागे फिरताना आपोआप ढिले पडतात. डिस्क दोन्ही दिशांना सारखीच धरते, म्हणून तिथे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप लागते. रिव्हर्स लाइटच्या वायरीतून वीज मिळाली की ती चाकांकडे जाणारं ऑइल अडवतो. माझ्याकडे एक ट्रेलर आला होता: ड्रम काढून डिस्क बसवलेल्या, पण प्लग जुना, चार वायरींचा. रिव्हर्सची पाचवी वायर गाडीपर्यंत पोचतच नव्हती.

असा व्हॉल्व्ह असेल, तर दुसऱ्या माणसाला इग्निशन चालू करून रिव्हर्स टाकायला सांगा आणि कपलरपाशी कान द्या. व्हॉल्व्हचा ‘टिक’ आवाज आला नाही, तर गाडीचा रिव्हर्स लाइट, सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प आणि शेवटी अर्थिंगची वायर तपासा. अर्थिंगचा बोल्ट चेसीवर गंजलेला असणं, हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय. टिक होऊनही चाकं अडली, तर उतारावर ब्रेक मारून थांबलात आणि लगेच रिव्हर्स टाकलात का, ते आठवा. तेव्हा दाब व्हॉल्व्हच्या पलीकडे अडकून राहतो. गाडी हातभर पुढे घ्या, कपलर ताणू द्या, मग रिव्हर्स टाका.

पुढे जातानाही चाक जाम असेल, तर दोष वेगळा. आपत्कालीन साखळी ओढली गेलीय का आणि सरकता भाग गंजून आतच बसलाय का, ते आधी बघा. दोन्ही ठीक असतील तर बाकीच्या चाकांना दगड लावा, जाम चाक जॅकवर घ्या आणि त्याचं ब्लीड निपल (ब्रेकमधलं ऑइल सोडायची बारीक तोटी) सैल करा. ऑइल उसळून चाक मोकळं झालं, तर दाब आतून फुगलेल्या होजमुळे (रबरी नळीमुळे) किंवा मागे न येणाऱ्या मास्टर सिलिंडरमुळे अडकलाय. तरीही फिरलं नाही, तर त्या चाकाचा सिलिंडर किंवा (डिस्क असेल तर) तिला आवळणारा कॅलिपरच धरलाय. तो उघडायलाच हवा.