चार फूट पाणी

नदीचं नाव ‘लिटल मड रिव्हर’. ज्या कुणी हे नाव ठेवलं, त्या भल्या माणसाने सांगायचं ते सगळं नावातच सांगून ठेवलं होतं. तरी आम्ही तिथे जाऊन चिखलात रुतलो. तेही त्रिपुरी पौर्णिमेला.

ह्यांची नोकरी संपली तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मंडळींनी फ्लोरिडात फ्लॅट घेतले. ह्यांनी ३६ फुटांची जुनी ट्रॉलर घेतली, म्हणजे आत राहून फिरायची बोट. ट्रॉलर म्हटलं की माझ्या अलिबागच्या माणसांना मासळीची बोट वाटते. भाऊ फोनवर विचारतो, “आज काय लागलं?” मी सांगते, “डिझेल.”

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या अंगाने खाड्या, नद्या आणि खणलेले कालवे जोडून केलेली एक पाणवाट आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैल, मायामी साधारण १,०९० मैलांवर. गाडीने दोन दिवसांचं काम. आमची बोट ताशी आठ मैल धावते, तेही ओहोटीचं पाणी तोंडावर नसेल तर. थंडी पडायला लागली की शेकडो बोटी या वाटेने दक्षिणेला निघतात आणि बहुतेकींवर आमच्यासारखंच एकेक उतारवयातलं जोडपं असतं. एक सुकाणूवर, एक दोर हातात घेऊन पुढे. दोघांमध्ये इंजिनाचा आवाज.

त्या आवाजावर उपाय म्हणून कानाला लावायचे बिनतारी हेडसेट मिळतात. इथले बोटवाले त्यांना ‘संसार वाचवणारं यंत्र’ म्हणतात. पहिल्या महिन्यात आमचा संसार खरंच वाचला. त्याआधी धक्क्याला लागताना हे “डावीकडे!” ओरडायचे, मला “आवडलं?” ऐकू यायचं, आणि मी मान डोलवायची. यंत्राचा दोष एवढाच, की पुटपुटलेलंही पलीकडे पोचतं.

तर त्रिपुरी पौर्णिमा. आदल्या रात्री आम्ही जॉर्जियातल्या एका खाडीत नांगर टाकला होता. जॉर्जियात नुसतं गवत. नजर जाईल तिथवर पिवळं पडलेलं खाजणातलं गवत, त्यातून नागमोडी पाणी, आणि सात-आठ फुटांची भरती-ओहोटी. उधाणाला त्याहूनही जास्त. आमच्या बोटीला खाली चार फूट पाणी लागतं. सकाळी हे मोबाईल बघून म्हणाले, “पावणेआठला भरती पूर्ण होतेय. लगेच निघू या, म्हणजे त्या मड रिव्हरमधून भरल्या पाण्यात पार होऊ.”

मी म्हटलं, “छे! आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट किती? सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. सावकाश पोहे करते.”

हा हिशेब माझ्या आजोबांचा. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. अलिबागच्या किल्ल्यात चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत चालतच परतायचं, ते याच हिशेबावर. मोबाईल नव्हता, पंचांग होतं, आणि आमच्यातलं कुणी कधी बुडालं नाही. ह्यांनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पोह्यांना लिंबू आहे का विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस कुठे वाद घालायचा ते शिकतो. दुर्दैवाने.

दहा चाळीसला पाण्याची खोली दाखवणारा आकडा सहावरून पाचवर आला. मग साडेचार. मी हेडसेटमध्ये म्हटलं, “अहो, कडेला चाललोय का आपण?”

“नकाशातल्या रेघेवर आहोत, अगदी रेघेवर.”

नकाशात या वाटेची एक किरमिजी रेघ असते. ह्यांचा तिच्यावर विश्वास. आम्ही त्या रेघेवरच रुतलो. धक्काबिक्का काही नाही. गादीवर बसावं तशी बोट बसली. ह्यांनी इंजिन मागे टाकलं तर पाण्याची नुसती कॉफी झाली. मदतीला बोलावलेल्या बोटवाल्याने रेडिओवरून शांतपणे सांगितलं, की पाणी चढल्यावर तुम्ही आपोआप सुटाल, मी आलो तर मीही रुतेन.

म्हणजे दुपारी पावणेदोनपर्यंत पाणी उतरणार आणि मग तेवढाच वेळ चढणार. सहा तास. हळूहळू बोट डाव्या कुशीवर कलायला लागली. कपातला चहा एका काठाला टेकला. कणकेचा गोळा परातीतून निघून ओट्यावरून थेट जिन्यापाशी गेला. तेलाची बाटली मी मांडीत धरून बसले. समोरच्या चिखलाच्या काठावर दोन डॉल्फिन मासळीचा थवा रेटत आले, अर्धे अंग बाहेर काढून आडवे पडून खाल्लं आणि सुळकन परत गेले. या भागातल्या डॉल्फिनना ही विद्या येते. चिखलात यायचं कसं आणि मुख्य म्हणजे निघायचं कसं.

मोबाईलला दोन काड्या दिसल्या तशी मी अलिबागला बहिणीला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

“ताई, आजोबांचा हिशेब इथे चालत नाही का गं?”

ताई शाळेत भूगोल शिकवायची. “अगं वेडे, तो आपल्या किनाऱ्याचा हिशेब! उधाण पौर्णिमेला जगभर येईल, पण वेळ ज्या त्या बंदराची वेगळी.”

“म्हणजे चूक माझीच. मोबाईल बरोबर होता. पण मी ह्यांना काही हे सांगणार नाहीये. रेघेला दोष देऊन मोकळी होते.”

“भावजी कुठायत?”

“वर. दुर्बिणीतून उगाच पाणी मोजतायत.”

फोन ठेवला, घाम पुसायला हात डोक्याला लावला आणि बोटांना हेडसेट लागला. हिरवा दिवा चालू.

वरून काहीच आवाज नाही. मी जिन्याशी जाऊन पाहिलं. हे दुर्बीण लावून बसले होते, अगदी सोज्ज्वळ चेहऱ्याने. पलीकडून एक शिडाची बोट आम्हाला वळसा घालून गेली. त्यावरच्या बाईने हात केला, मीही केला. तिच्या कानाला हेडसेट होता.

साडेचारनंतर बोट सरळ व्हायला लागली. कणकेचा गोळा मी आधीच टाकून दिला होता. पाच वाजता आम्ही सुटलो आणि पहिल्या मोकळ्या खाडीत नांगर टाकला. सूर्य मावळला, गवतामागून चंद्र वर आला, एवढा मोठा की मला त्याचा रागच आला. मी डेकवर पणती लावली. वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा डब्याच्या आडोशाला टिकली.

हे चहा घेऊन आले. बराच वेळ चंद्राकडे बघत बसले. मग म्हणाले, “उद्या प्रतिपदा ना गं?”

“हो.”

“एकाची पाऊणपट पाऊण.” त्यांनी कप खाली ठेवला. “मग रात्री पाऊणचा गजर लावू का?”