सेल्माचा पूल आणि आमचे मोदक

‘ऑपरेशन अंडरस्टँडिंग’वरचा लेख आवडला. फिलाडेल्फियात १९८५ साली खासदार विल्यम ग्रे आणि जॉर्ज रॉस यांनी हा उपक्रम सुरू केला, त्यात कृष्णवर्णीय आणि ज्यू मुलं एकत्र शिकतात, फिरतात, हे सगळं आलंय. पण नेमके हेच दोन समाज का, ते राहून गेलं. २१ जून १९६४ ला मिसिसिपीत ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तीन तरुण कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या. चेनी कृष्णवर्णीय, गुडमन आणि श्वर्नर ज्यू. ४४ दिवसांनी एका मातीच्या बंधाऱ्यात तिघं सापडले. एवढं सांगितलं असतं तर बाकीचं आपोआप कळलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही अलाबामातल्या सेल्माला, तिथला नागरी हक्क चळवळीतला प्रसिद्ध पूल बघायला गेलो होतो. तो पूल मधे उंच आहे, माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काहीच दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढलेले सुमारे सहाशे लोक असेच चढले, आणि वर आल्यावर समोर दंडुके घेतलेले पोलीस! लेक तिथेच थांबली. म्हणाली, “बाबा, परत फिरता आलं असतं ना त्यांना?” मला उत्तर सुचलं नाही.

याच चळवळीच्या काळात, त्याच वर्षी झालेल्या इमिग्रेशन कायद्यामुळे आपल्यासारख्या भारतीयांना अमेरिकेचं दार उघडलं, हे आपण सोयीने विसरतो. आमच्या गणपतीला इतक्या वर्षांत एकही कृष्णवर्णीय शेजारी आला नाही. कसा येणार, कुणी बोलावलंच नाही. मीसुद्धा नाही. यंदा समोरच्या घरी आमंत्रण दिलं. ‘उकडीचे’ म्हणजे काय ते समजावताना मात्र पार तारांबळ उडाली.