क्रूझची सहल नेमकी कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सहलींच्या गप्पांमध्ये क्रूझचा विषय हमखास निघू लागला आहे आणि तो निघाला की दोन तट पडतात. एका बाजूचे लोक सांगतात, की असे सुख दुसऱ्या कोणत्याही सहलीत नाही; दुसऱ्या बाजूचे विचारतात, की पंचतारांकित हॉटेलातच राहायचे असेल तर त्यासाठी समुद्रावर कशाला जायचे. या वादात जहाजाबद्दल पुष्कळ बोलले जाते आणि जाणाऱ्या माणसाबद्दल फार थोडे, म्हणून तो मला निष्फळ वाटतो. ज्या माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचाच त्रास होतो, त्याच्यासाठी क्रूझइतकी सोयीची सहल नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याला गाव समजून घ्यायचे आहे, त्याने मात्र मार्ग अतिशय पारखून निवडावा.

आपल्या सहलकंपन्यांच्या बससहलींचे ‘सहा-सात-आठ’ हे वेळापत्रक सर्वांना ठाऊक आहे: सहाला उठायचे, सातला नाश्ता, आठला बस. धडधाकट माणसाला त्यात मजा येते. परंतु गुडघे दुखत असलेल्या, मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या आणि आपल्यामुळे पंचवीस जण खोळंबतील या धास्तीने धड चहाही न पिणाऱ्या सत्तरीच्या आजींना त्या बसमध्ये मी पाहिले आहे. जहाजावर बॅग एकदाच उघडायची असते. खोली तीच राहते, जेवणाची जागा लिफ्टने गाठता येते आणि एखाद्या बंदरावर उतरावेसे वाटले नाही, तर आपल्या केबिनमध्ये निजून राहता येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझी आई प्रवासाला धजत नव्हती, ती सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर आनंदाने राहिली, आणि त्याचे कारण समुद्र नव्हे, तर ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते’ हे वाक्य तिला कोणताही अपराधीपणा न बाळगता म्हणता आले, हे होते.

तीन पिढ्यांच्या कुटुंबाला याच कारणाने क्रूझ मानवते. सगळ्यांनी मिळून बंगला भाड्याने घेतला, तर सकाळचा चहा अखेर कोणीतरी टाकावाच लागतो, आणि तो कोण टाकते हे सांगायला नको. घरातील ज्या बाईच्या डोक्यात वर्षभर ‘आज काय करायचे’ हा प्रश्न असतो, तिला तो प्रश्न कोणीही न विचारता गेलेले तीन-चार दिवस ही फार मोठी गोष्ट आहे. ‘गेंटिंग ड्रीम’सारख्या सिंगापूरच्या जहाजावर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळत असल्याने पातेली आणि डब्यांचे ओझेही न्यावे लागत नाही. मुलांसाठी तरणतलाव आणि खेळ असतात, त्याविषयी जाहिराती पुरेसे सांगतातच. एकट्याने जाणाऱ्याने मात्र आधी हिशेब करावा; केबिनचे दर साधारणपणे दोघांना धरून ठरवलेले असतात आणि एकट्या प्रवाशाला पुष्कळदा जवळजवळ दोघांचे भाडे द्यावे लागते. ज्यांना बोट लागते, त्यांनी उंचावरच्या बाल्कनीच्या मोहात न पडता जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

आता गाव पाहण्याची ओढ असलेल्यांविषयी. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलेले असते, पण जहाज लागते ते चिवितावेक्किया बंदरात आणि तेथून रोम ७०-८० किलोमीटर दूर आहे. जाऊन-येऊन हाती उरणाऱ्या काही तासांत कोलोसियमसमोर छायाचित्र काढता येते, रोम पाहिले असे म्हणता येत नाही. याउलट मलेशियातील पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागते. उतरल्यावर काही मिनिटांत कॉर्नवॉलिसचा किल्ला येतो, पुढे समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या दिसतात, आणि २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे शहर आपल्या पायांनी हिंडता येते. क्रूझ निवडताना जहाजाच्या मजल्यांपेक्षा बंदर गावापासून किती दूर आहे हे पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

काही प्रदेश तर जहाजातूनच नीट दिसतात. अलास्काची राजधानी जुनो हिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. तेथे विमानाने जायचे किंवा बोटीने. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे हिमनदीसमोर गर्दी होत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना पुष्कळदा अलास्काला नेतात आणि मला ती निवड उत्तम वाटते. परंतु एक गोष्ट त्यांनी विसरू नये. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकी कायद्यानुसार वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते, म्हणून सिएटलहून सुटलेले जहाजही बहुधा कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबते. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांसाठी कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो. नॉर्वेचा किनाराही असाच जहाजातून पाहण्यासारखा आहे आणि त्यासाठी १८९३ मध्ये सुरू झालेली हुर्टिग्रुटेन ही किनारी बोटसेवा आहे. बर्गेन ते किर्केनेस या मार्गावर ती ३४ बंदरे घेते आणि प्रवाशांसोबत मालही वाहते. ज्याला करमणुकीचे कार्यक्रम नकोत, पण किनाऱ्यावरचे रोजचे जीवन पाहायचे आहे, त्याच्यासाठी ती आहे.

अशा प्रवाशाला मुंबईहून काय मिळते, हा प्रश्न मला अधिक जवळचा आहे. २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझकंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० मध्ये बांधलेले जहाज येथून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले आणि विमानाने परदेशी न जाताही क्रूझचा अनुभव अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आला, याचा मला आनंद आहे. कोचीहून लक्षद्वीप पर्यटन विभागाची ‘समुद्रम’ ही सहल तर रात्री जहाजावर आणि दिवसा बेटांवर असा सुंदर बेत देते. पण कोकणाचे काय? एके काळी मुंबईहून निघालेल्या आगबोटी जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत जात. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला उतरत. ती गरजेची वाहतूक होती, गैरसोयीची होती आणि पावसाळ्यात बंद असे. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझबोट मुंबई-गोवा मार्गावर आली तेव्हा पुष्कळांना त्या जुन्या आगबोटींची आठवण झाली, परंतु वाटेतल्या बंदरांवर उतरणे आंग्रियाच्या प्रवासात नव्हते. शे-दीडशे प्रवाशांची एखादी लहान बोट दिवसा किनाऱ्याने जाणारी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग पाण्यातून दाखवणारी, संध्याकाळी मालवणला उतरवून गावातल्याच खाणावळीत जेवू घालणारी अशी हवी आहे. तिच्यावर नाट्यगृह किंवा कॅसिनो नसला तरी चालेल. चांगल्या जेट्ट्या, वयस्कांना धरून उतरवणारी माणसे आणि ऑक्टोबर ते मे एवढा हंगाम तिला पुरेल. तिचे तिकीट काढणाऱ्यांत मी पहिल्या दिवशी असेन, आणि आईचेही काढीन.